ताई गेल्या आणि काकांशीही कोणी बोलेना : पुण्यातल्या एका रेडिओ कार्यक्रमाचं प्रकरण

पुण्यातल्या एका छोट्या सामुदायिक रेडिओवर रोज सकाळी ११ ते १२ गप्पांचा लाइव्ह कार्यक्रम चालायचा, आणि एका सोमवारी त्याच्या निवेदिका कोणाला काही न सांगता बदलल्या गेल्या. पाहुणे तेच ठेवले, वेळ तीच, विषय तेच, फोन नंबरसुद्धा तोच. तरी दोन-तीन महिन्यांत परिस्थिती अशी झाली की फोन लाइन उघडली की एखादाच कॉल यायचा आणि तोही बऱ्याचदा तक्रारीचा. मी त्या काळात तिथे कन्सोल, म्हणजे माइकचे आवाज जुळवायचं यंत्र, सांभाळायचे, त्यामुळे आधीचं आणि नंतरचं दोन्ही कानाने ऐकलंय. स्टेशनचं आणि माणसांचं नाव देत नाही, त्याची गरज नाहीये.

हे सविस्तर लिहायचं कारण म्हणजे रेडिओवाले काय आणि आता पॉडकास्टवाले काय, सगळे अजून असंच धरून चालतात की निवेदक ही एक जागा आहे, माणूस बदलला तरी पाहुणे दमदार असले की लोक टिकतात. या प्रकरणात मला दिसलं ते वेगळं. लोकांचा जीव ताईंवर, म्हणजे त्या निवेदिकेवर होता हे खरंच, पाहुणे म्हणून येणाऱ्या काकांवरही होता, पण सगळ्यात जास्त होता तो त्या दोघांचं आपसात जे चालायचं त्यावर, आणि ती गोष्ट ताई गेल्या त्या दिवशी काकांकडूनही निघून गेली.

आधी कार्यक्रम कसा होता ते सांगते. सामुदायिक रेडिओला सरकारी नियमाप्रमाणे साधारण १०० वॅटपर्यंतच ताकद मिळते, म्हणजे पाच-दहा किलोमीटरच्या आतलेच लोक ऐकणार, आमचे श्रोते कोथरूड, कर्वेनगर, वारजे, एरंडवणे, डहाणूकर कॉलनी असल्या भागातले. मुलं बंगळूरला किंवा अमेरिकेत आणि आपण दोघंच फ्लॅटमध्ये असे आजी-आजोबा खूप, पण तेवढेच नाही हं, वारज्यातले एक शिंपी होते ज्यांच्या दुकानात दिवसभर रेडिओ चालू, सोसायट्यांचे वॉचमन होते जे मोबाइलवर ऐकायचे आणि इअरफोनची वायरच अँटेना असते म्हणून फाटका का होईना इअरफोन कानात लावून बसायचे, पोळ्यांची कामं करणाऱ्या बायका होत्या ज्या दुसऱ्या घरी जायच्या आधी कॉल करून जायच्या. ११ ची वेळ फार विचार करून ठेवलेली होती, सकाळची घाई संपलेली, कुकर झालेला, जेवायला अजून अवकाश.

ताई म्हणजे निवेदिका. सगळे ताईच म्हणायचे, ऐंशीच्या आजोबांपासून शाळेतल्या पोरापर्यंत. मंगळवारी बागवाले काका यायचे, गच्चीवरची आणि बाल्कनीतली बाग हा त्यांचा विषय. गुरुवारी बँकवाले काका, बँकेतून रिटायर झालेले, ठेवी, वारसा, नॉमिनेशन, मृत्युपत्र असलं सगळं. शनिवारी एक डॉक्टर बाई, म्हातारपणातली दुखणी. बाकीच्या दिवशी पत्रं, कॉल आणि गप्पा.

आता बागवाले काकांचं उदाहरण घ्या. त्यांना झाडांबद्दल अफाट माहिती, पण बोलायला बसले की एकदम पाठ्यपुस्तक व्हायचं, आणि ताई त्यांना मधेच तोडायच्या. "काका, ते सगळं राहू दे, जास्वंदीवर पांढरा कापूस धरलाय तो कसा घालवायचा ते सांगा, सकाळपासून तीन जणांनी विचारलंय." की काका थोडे चिडायचे, मग हसायचे, मग पिठ्या ढेकणाबद्दल एकदम साधं सांगायचे, आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून काढा, मग कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा, उन्हात फवारू नका पानं भाजतात. आणि काकांच्या गच्चीत ड्रममध्ये लावलेलं एक अंजिराचं झाड होतं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला त्या सुमारास काकांनी तिथून कलम आणलेलं आणि त्याला वर्षानुवर्षं धड फळ धरत नव्हतं, धरलं तरी सुपारीएवढं होऊन गळायचं. ताई दर मंगळवारी सुरुवातीलाच विचारायच्या, "काय म्हणतंय अंजीर?" यावर काका जे काही उत्तर द्यायचे ते ऐकायला लोक मंगळवारची वाट बघायचे, मी अजिबात वाढवून सांगत नाहीये, कॉल करणारे लोक स्वतःचा प्रश्न विचारायच्या आधी अंजिराची चौकशी करायचे, उपाय सुचवायचे, एकाने तर ड्रमला खालून भोकं किती पाडलीत ते मोजून कळवा म्हणून सांगितलेलं.

हे नुसतं करमणुकीचं नव्हतं. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी संशोधकांनी रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी प्रेक्षकांची जी दुरूनच जवळीक होते तिच्यावर एक निबंध लिहिला, पॅरासोशल हा शब्द तिथूनच रूढ झाला. त्या निबंधातली एक गोष्ट नेहमी मागे राहते. ते म्हणतात की निवेदक आपल्या सोबतच्या लोकांना जवळच्या मित्रांसारखं वागवतो, टोपणनावाने हाक मारतो, त्यांच्या सवयींची चेष्टा करतो, आणि त्या घोळक्यात मग ऐकणाराही हळूहळू ओढला जातो. म्हणजे ऐकणाऱ्याला आत यायला दार असतं ते त्या दोघांच्या मधलं. आपल्याकडे मुंबई आकाशवाणीवरच्या 'पुन्हा प्रपंच' या घरगुती गप्पांच्या कार्यक्रमातले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ज्यांनी ऐकलेत त्यांना हे समजावून सांगायला नको, ते तर लिहिलेलं असायचं, तरी लोकांना त्या तिघांचं मिळून एक घर वाटायचं, सुटं एकेक पात्र आठवतच नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. ताई माइकच्या अगदी जवळ बोलायच्या, आणि स्टुडिओतल्या मुख्यतः एकाच दिशेचा आवाज पकडणाऱ्या माइकजवळ तोंड नेलं की आवाजातला खर्ज आपोआप वाढतो, ऐकणाऱ्याला माणूस शेजारी बसून बोलल्यासारखं वाटतं. काका मात्र मागे रेलून बसायचे, खिडकीकडे बघत बोलायचे, त्यामुळे त्यांचा आवाज खोलीतल्या पलीकडच्या खुर्चीतून आल्यासारखा यायचा. मी पहिल्यांदा दोघांची लेव्हल सारखी करायचा प्रयत्न केला तेव्हा ताईंनीच थांबवलं, म्हणाल्या असू दे, काका आहेत तिथेच बसू देत. ऐकणाऱ्याच्या कानात मग जागा ठरलेल्या होत्या, ताई इथे, काका तिथे, आणि आपण मधे.

बँकवाल्या काकांचं नातं जरा वेगळ्या जातीचं होतं, तिथे विश्वास होता. "नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, नॉमिनीने पैसे फक्त सांभाळायचे आणि वारसांना द्यायचे" हे त्यांचं वाक्य लोकांना पाठ झालेलं. २०२० च्या फेब्रुवारीत ठेवींचा विमा १ लाखावरून ५ लाख झाला तेव्हा त्यांनी ओळीने कितीतरी गुरुवार तेच समजावलं, एका बँकेत एका नावावर मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख, वेगळ्या शाखा वेगळ्या धरत नाहीत. पुण्यात सहकारी बँकांमध्ये पैसे अडकलेली घरं किती आहेत हे माहीत असेल तर त्या माहितीची किंमत कळेल. पण लोक विश्वास ठेवायचे त्याचं कारण माहिती हे नव्हतं, कारण हे होतं की काका ऑन एअर सांगायचे, "हे मला नक्की माहीत नाही, विचारून पुढच्या गुरुवारी सांगतो," आणि पुढच्या गुरुवारी ताई आठवणीने विचारायच्या आणि काका सांगायचे. अमेरिकेत १९४३ मध्ये केट स्मिथ या गायिकेने युद्धाचे रोखे विकायला रेडिओवर १८ तास अधूनमधून आवाहन केलं, रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने त्यावर १९४६ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यातही हेच निघालं की लोकांनी पैसे दिले ते मुख्यतः ही बाई मनापासून बोलतीये असं त्यांना वाटलं म्हणून. आमच्या काकांकडे १८ तास नव्हते, पण दर गुरुवारी शब्द पाळणं होतं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये ताईंनी घरून, मोबाइलवर रेकॉर्ड करून, कार्यक्रम चालू ठेवला आणि तेव्हा हे सगळं आणखी घट्ट झालं, त्याबद्दल वेगळं लिहायला नको, त्या वर्षी घरात अडकलेल्या म्हाताऱ्या माणसांना रोज ११ ला ओळखीचा आवाज येणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

मग बदल झाला. संस्थेतल्या वरच्या मंडळींना तरुण श्रोते हवे होते, जे चूक नाही, आणि ताईंचं मानधनाचं करारपत्र संपत आलेलं. शनिवारचा कार्यक्रम झाल्यावर त्यांना सांगितलं आणि सोमवारी नवीन मुलगा बसला. मुलगा चांगला होता, आवाज चांगला, तयारी करून यायचा, त्याला दोष देणं मला कधीच पटलं नाही. घोळ झाला तो निरोप न देण्यात. वरून असा निरोप आला की कोणी विचारलं तर ताई सुट्टीवर आहेत एवढंच सांगायचं, विषय आपोआप मागे पडेल.

विषय मागे पडला नाही. ताई रोज बोलणारं माणूस, सुट्टी घ्यायच्या तर आधी आठवडाभर सांगायच्या, कुठे जातेय तेही सांगायच्या. त्यामुळे न सांगता सुट्टी याचा लोकांनी एकच अर्थ लावला, की ताईंना काहीतरी झालंय. फोन घेणाऱ्या मुलीला लोक म्हणायला लागले, "मला ऑन एअर नको घेऊ बाळा, फक्त सांग, बऱ्या आहेत ना त्या?" वारज्याच्या एका आजींनी नातवाबरोबर मेथीचे लाडू पाठवले, डब्यावर चिकटपट्टी लावून त्यावर "ताईंना द्यावे, गुडघ्यासाठी" असं लिहिलेलं, कारण ताई कधीतरी गुडघा दुखतो म्हणाल्या होत्या. कोणीतरी दवाखान्याचं नावसुद्धा सांगत होतं, जे अर्थातच खोटं होतं. जोनाथन कोहेन या संशोधकांनी २००३ मध्ये इस्रायलमधल्या टीव्ही प्रेक्षकांना विचारलेलं की तुमचं आवडतं माणूस पडद्यावरून गेलं तर काय वाटेल, आणि जितकं नातं घट्ट तितका त्रास जास्त असं निघालं. मला त्याला एवढंच जोडायचंय की गेलं हे माहीत असताना होणारा त्रास आणि गेलं का आजारी आहे का काय झालं हेच माहीत नसताना होणारा त्रास यात फार फरक आहे, दुसरा जास्त वाईट, आणि तो पूर्णपणे टाळता येण्यासारखा होता.

आता यातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. पहिल्या मंगळवारी बागवाले काका आले. नवीन मुलाने नीट ओळख करून दिली, शिक्षण, अनुभव, सगळं, जे आधी कधी कोणी सांगितलंच नव्हतं, आणि म्हणाला, "सर, आजचा आपला विषय आहे पावसाळ्यातील कुंड्यांची निगा." काका बोलायला लागले. कोणी तोडलं नाही. सात-आठ मिनिटांत जे सांगायचं ते सांगून झालं, निचरा, बुरशी, खत कधी घालू नये, सगळं अचूक, आणि मग काका थांबले आणि समोरच्या मुलाकडे बघायला लागले. रेडिओवर तीन सेकंदांची शांतता म्हणजे फार असते, ही त्याहून मोठी होती, मी फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर, हात ठेवून जिंगल टाकायच्या तयारीत. मग एक कॉल घेतला. एक बाई होत्या, नेहमीच्या. म्हणाल्या, "काका, अंजीर काय म्हणतंय?" आणि मुलगा पटकन म्हणाला, "मॅडम, आपण आजच्या विषयावर राहूया का?"

त्याला माहीतच नव्हतं अंजीर काय आहे, कोणी सांगितलंच नव्हतं. पण त्या बाईंनी फोन ठेवला, आणि पुढचे कॉलर काकांना विचारत होते की तुम्हाला बरं नाहीये का, आवाज वेगळा येतोय. काकांची तब्येत ठणठणीत होती. ते तेच बोलत होते जे आधी बोलायचे, पण त्यांचं काकापण ताईंनी मधे तोडण्यात होतं, चिडून हसण्यात होतं, ते नसताना उरले ते बागकामाचे एक जाणकार, आणि बागकामाचे जाणकार मोबाइलवर ढिगाने मिळतात. काही आठवड्यांनी काका मला म्हणाले, "मला आता घरून निघायचंच जिवावर येतं, मी कोणाशी बोलतोय तेच कळत नाही." म्हणजे पाहुण्यालाही तेच झालं होतं जे श्रोत्याला.

वरची मंडळी म्हणायची की हे एकटे लोक आहेत, त्यांना रेडिओची सवय लागलीये, होतील नीट. हे मला तेव्हाही खटकायचं. रुबिन, पर्स आणि पॉवेल या संशोधकांनी १९८५ मध्ये टीव्हीच्या स्थानिक बातम्या बघणाऱ्यांवर अभ्यास केला, त्यात एकटेपणा आणि निवेदकाशी वाटणारी जवळीक यांचा संबंध सापडला नाही. आमच्याकडेही शिंपीकाकांच्या दुकानात दिवसभर माणसांचा राबता, त्या माणसाला एकटा कसं म्हणणार, आणि ताई गेल्यावर सगळ्यात जास्त भांडले तेच. आता कॉल करणारे लोक वेगळे असतात हे मान्य, १९८९ च्या आर्मस्ट्राँग आणि रुबिनच्या टॉक रेडिओवरच्या अभ्यासात असं आलं की कॉल करणाऱ्यांचं बाहेर जाणं-येणं कमी असतं, समोरासमोर बोलण्यात त्यांना तितकं समाधान मिळत नाही. आमच्या नेहमीच्या कॉलरमध्येही गुडघ्यांमुळे किंवा लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यामुळे घरात अडकलेले बरेच होते. पण कॉल न करता ऐकणारे त्याच्या कितीतरी पट असतात आणि त्यांचाही जीव गुंतलेला असतो, तो दिसत नाही इतकंच.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी एकतर्फी बोलतीये असं होईल. ताईंना हे प्रेम जड व्हायचं. एक गृहस्थ त्यांचा घरचा पत्ता शोधून आले होते, वाईट हेतूने नाही, मुलाच्या पत्रिकेबद्दल विचारायला, पण ताई घरात एकट्या होत्या आणि त्या घाबरल्या. एक बाई रोज ११ वाजून पाच मिनिटांनी फोन करून सुनेबद्दल सांगायच्या आणि ऑन एअर घेतलं नाही तर रडायच्या. शेकडो लोकांना वाटतं की ताई आपल्याला ओळखतात, आणि ताई त्यातल्या फार थोड्यांना ओळखू शकतात, हे असं नातं ओढून न्यायला माणूस थकतं. ताईंनी यावर एक नियम केला होता तो मला फार योग्य वाटतो, स्वतःबद्दल गुडघा, पाऊस, भाजी एवढंच सांगायचं, घरातल्या कोणाचं नाव नाही, भाग नाही, अडचण नाही. लोकांना तेवढंही पुरायचं.

पुढे काय झालं. कार्यक्रम प्रमुखांनी वर बरंच भांडून, ताईंना परत एकदा बोलवायची परवानगी मिळवली, निरोपाच्या भागासाठी. ताई यायला तयार होतील का हीच शंका होती, त्या दुखावलेल्या होत्या, पण लाडवांचा डबा मी त्यांना नेऊन दिला होता आणि त्या म्हणाल्या लोकांसाठी येते. दोन्ही काका, डॉक्टर बाई, नवीन मुलगा, सगळे एका टेबलाभोवती, माइक कमी पडले. ताईंनी पहिल्याच मिनिटात स्पष्ट सांगितलं की मी ठणठणीत आहे, माझं इथलं काम संपलंय, मी सुट्टीवर नव्हते. कॉल थांबेनात. आणि मग ताईंनी जे केलं ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत, त्यांनी नवीन मुलाला ऑन एअर अंजिराची सगळी गोष्ट सांगितली, बँकवाल्या काकांचं "विचारून सांगतो" सांगितलं आणि गुरुवारी आठवण करायचं काम तुझं म्हणाल्या, आणि बागवाल्या काकांना म्हणाल्या की याला बोलायला लागलात की मधेच तोडायची परवानगी द्या. काका म्हणाले, दिली.

त्यानंतर सगळं पूर्ववत झालं असं अजिबात नाही. बरेच जण परत आले नाहीत, वारज्याच्या आजींचा फोन पुन्हा आला नाही. पण कार्यक्रम जगला, आणि जगला तो मुलगा ताईंसारखा वागायला लागला म्हणून नाही, तसं वागला असता तर लोकांना अजिबात चाललं नसतं. एका मंगळवारी त्याने सरळ सांगून टाकलं की काका, मी कॉट बेसिसवर राहतो, माझ्याकडे कुंडी ठेवायलाही जागा नाही. काकांनी त्याला पुढच्या आठवड्यात श्रीखंडाच्या डब्यात पुदिन्याच्या काड्या खोचून आणून दिल्या. मग तो पुदिना वाळला, परत फुटला, रूममेटने त्यात चहाचा चोथा टाकला, आणि लोक फोन करून त्या रूममेटला रागवायला लागले. कट्टा असाच जमतो, रोज येऊन बसणाऱ्यांनी, बोर्ड लावून नाही. यात काही महिने गेले आणि ते जायलाच हवे होते.

नीट निरोप द्यायला हवा हे जे शिकलो, त्याचा खरा उपयोग झाला तो नंतर, जेव्हा बँकवाल्या काकांच्या डोळ्यांचा त्रास वाढला आणि ते थांबायचं म्हणाले. या वेळी त्यांनी स्वतः महिनाभर आधी कार्यक्रमात सांगितलं. त्यांच्या जागी येणाऱ्या वकील बाई शेवटचे काही गुरुवार त्यांच्या शेजारी बसल्या, आधी नुसत्या ऐकायला, मग एखाद्या प्रश्नाला, आणि काका त्यांना ऑन एअर उलट प्रश्न विचारायचे की मृत्युपत्र रजिस्टर करायलाच लागतं का, आणि त्या सांगायच्या की बंधनकारक नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतातच. शेवटच्या गुरुवारी विषयच ठेवला नाही, फक्त कॉल. लोक रडले, भांडले, एकाने काकांनी सांगितलेलं कुठलं तरी फॉर्म भरण्याचं काम अजून केलं नाही म्हणून माफी मागितली. पुढच्या गुरुवारी फोन लाइन उघडली तेव्हा कॉल नेहमीइतकेच होते. वकील बाई जरा भराभरा बोलतात अशी तक्रार दोघा-तिघांनी केली, नवीन मुलाने ती ऑन एअर वाचून दाखवली, आणि बाई म्हणाल्या की आता मी हळू बोलते, भराभरा बोलले तर सांगा.